वीस वर्षांच्यांना विचारले तेव्हा

पडद्यावर 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' ही अक्षरे आली की आपल्यापैकी बरेच जण शेंगदाणे आणायला बाहेर पडत. मुंबईच्या पेडर रोडवरील या सरकारी संस्थेचे (स्थापना १९४८) अनुबोधपट चित्रगृहांना सक्तीने दाखवावे लागत. धरणे, खते, कुटुंबनियोजन आणि वर भारदस्त आवाजातले निवेदन! त्याच संस्थेने १९६७ साली 'आय ॲम ट्वेंटी' हा जेमतेम वीस मिनिटांचा कृष्णधवल पट काढला, हे म्हणूनच नवल.

दिग्दर्शक एस. एन. एस. शास्त्री. कल्पना अगदी साधी. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली मुले आता वीस वर्षांची झाली, तर त्यांनाच विचारावे: तुम्हाला काय हवे आहे, या देशाबद्दल काय वाटते? शहरातली, खेड्यातली, इंग्रजी बोलणारी, न बोलणारी, सगळी कॅमेऱ्यासमोर आली. निवेदक नाही, उपदेश नाही. कोणी उमेदीने बोलतो, कोणी चाचरतो. एक जण तर सरळ सांगतो की, मला देशाबद्दल प्रेम वगैरे नाही. सरकारच्या पैशाने काढलेल्या पटात हे वाक्य कात्री न लागता राहिले!

या मोकळीकीमागे जहांगीर भावनगरी होते. युनेस्कोतील हा मुंबईकर पारशी गृहस्थ पॅरिसहून १९६५ मध्ये सल्लागार म्हणून आला होता. पॅरिसमध्ये १९६० च्या उन्हाळ्यात जाँ रूश व एडगर मोरँ यांनी वाटसरूंना 'तुम्ही सुखी आहात का?' एवढेच विचारून चित्रपट केला होता. सहज उचलून नेता येणारे कॅमेरे आणि टेपरेकॉर्डर आल्यामुळे ते जमले. आपल्याकडेही के. एस. चारी यांनी 'फेस टू फेस' (१९६७) मध्ये लोकांना लोकशाहीबद्दल बोलते केले.

हा मोकळेपणा टिकला नाही. १९७५ च्या आणीबाणीत फिल्म्स डिव्हिजन सरकारी प्रचाराच्या कामाला जुंपली गेली. २०२२ मध्ये तर ती एनएफडीसीत विलीन झाली.

१९६७ ची ती मुले आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्याच पिढीतले कितीतरी जण पुढे नोकरीसाठी आखातात आले. रोलाच्या मैदानात सुट्टीच्या संध्याकाळी बसणाऱ्यांना मात्र असे प्रश्न विचारायला फारसे कोणी गेले नाही. हा पट यूट्यूबवर फुकट पाहता येतो. भारतातून आजी-आजोबा शारजाला राहायला आले असतील तर त्यांच्याबरोबर बसून पाहावा, आणि मध्येच थांबवून तेच प्रश्न त्यांनाही विचारावेत.