वाम आणि अहेर : जालना जिल्ह्यातील रोजगार व मिळकत

जालना जिल्ह्यातील नद्या, बंधारे व तलाव यांत मिळणाऱ्या सापासारख्या लांबट माशांची मासेमारी, विक्री आणि तिच्याशी जोडलेली नोकरी यांचा विचार या नोंदीत केला आहे. असे दोन मासे येथे विचारात घ्यावे लागतात : वाम आणि अहेर. केवळ या माशांवर चालणारा स्वतंत्र धंदा जिल्ह्यात नाही. वाम ही गोड्या पाण्यातील इतर माशांबरोबर येते आणि भाव चांगला देऊन जाते. त्यामुळे तिच्या मिळकतीचा हिशेब जिल्ह्याच्या एकूण मासेमारीच्या हिशेबातच मांडावा लागतो.

वाम (मॅस्टासेम्बेलस आर्मेटस) आयुष्यभर गोड्या पाण्यात राहते. तिच्या पाठीवर सुट्या, टोकदार काट्यांची रांग असते. नवख्या माणसाने ती हातात धरली की पहिली ओळख या काट्यांनीच होते. दिवसा ती दगडांच्या कपारीत किंवा वाळूत अंग पुरून बसते व रात्री किडे, अळ्या, गांडुळे शोधायला बाहेर पडते. अहेर (अँग्विला बेंगालेन्सिस) वेगळ्या कुळातला आहे. त्याला पाठीवर काटे नसतात, अंग बुळबुळीत असते आणि तो मीटरहून लांब वाढतो. त्याचा जन्म समुद्रात होतो. पिल्ले नदीच्या मुखातून आत शिरून वर चढतात, वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा समुद्राकडे जातात. विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात त्याने या माशाला मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव दिले होते. पुढे ती जात आधीच वर्णिलेली असल्याचे ठरले आणि ते नाव मागे पडले. मात्र समुद्रात जन्मलेला मासा तेव्हा दख्खनच्या पठारापर्यंत चढून येत होता याची ही पक्की नोंद आहे.

पाण्याच्या जागा : १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील तालुके आणि परभणीतील परतूर मिळून जालना जिल्हा झाला. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांना लागून वाहते. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे पूर्णा, मध्यभागातून दुधना आणि जालना शहरातून कुंडलिका जाते. कल्याण गिरजा, कल्याण, अप्पर दुधना, जुई, धामणा, जीवरेखा आणि गल्हाटी हे सात मध्यम प्रकल्प, शिवाय लहान तलाव आणि परतूर-मंठ्याकडे पसरणारा निम्न दुधनाचा फुगवटा ही मासेमारीची मुख्य ठिकाणे. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, लोणी सावंगी असे उच्च पातळी बंधारे झाल्यापासून नदीचा बराच भाग साखळीने जोडलेल्या डोहांसारखा झाला आहे. या डोहांत पाणी जास्त दिवस टिकते आणि मासेमारीचे दिवसही वाढतात.

अहेरच्या दृष्टीने हेच बंधारे अडसर आहेत. बंगालच्या उपसागरातून निघालेल्या पिल्लाला आधी धवळेश्वरमचा बांध लागतो. मूळ बांध सर आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर तेलंगणातील मेडिगड्डा व श्रीरामसागर, मग नांदेड जिल्ह्यातील बाभळी व विष्णुपुरी, पुढे परभणी व जालन्याचे बंधारे आणि शेवटी पैठणला १९७६ पासून उभे असलेले जायकवाडी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अहेरला संकटाच्या उंबरठ्यावरील जातींमध्ये धरले आहे. जालन्यात त्याच्यावर रोजगाराची गणिते मांडण्यात अर्थ नाही. वामीला मात्र समुद्र लागत नाही, म्हणून ती टिकून आहे.

पकडीचे काम : जिल्ह्यातील मासेमारी प्रामुख्याने भोई समाजाच्या हाती आहे, महाराष्ट्रात हा समाज भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात येतो. तलावात थर्माकोलच्या चप्पूवर बसून संध्याकाळी तंगुसाचे जाळे सोडायचे आणि पहाटे उचलायचे, ही रोजची रीत. वाम या जाळ्यात अडकतेच असे नाही, निमुळत्या अंगामुळे ती निसटते. तिच्यासाठी गांडूळ लावलेला गळ रात्री दगडांच्या कडेला टाकावा लागतो किंवा बांबूच्या कामट्यांचा सापळा लावावा लागतो. म्हणजे वाम धरणे हे वेगळे कसब आहे. पाण्याखालची कपार कुठे आहे, वाळूचा थर कुठे जाड आहे, पहिल्या पुरानंतर मासा कुठल्या अंगाला सरकतो, हे ज्ञान घरातल्या जुन्या माणसाकडून पुढच्या पिढीकडे येते. मच्छीमाराच्या मिळकतीतला या ज्ञानाचा वाटा कुठल्याही सरकारी तक्त्यात दिसत नाही, आणि तो दिसायला हवा.

मिळकत : येथे पगार नसतो. पैसे तीन वाटांनी येतात. पहिली वाट सहकारी संस्थेची. मच्छीमार संस्था तलावाचा ठेका घेते, मत्स्यबीज विकत घेऊन सोडते आणि सभासदांनी धरलेल्या माशांवर किलोमागे ठरलेला दर देते. ठेक्याची रक्कम, बीज, राखण आणि बर्फ यांचा खर्च संस्थेकडे राहतो. बीज न सोडताच आलेल्या माशांत, म्हणजे वाम व मरळ यांत, सभासदाचा खरा फायदा असतो. त्यांचा भाव रोहू-कटल्यापेक्षा चढा असतो. दुसरी वाट नदीवरच्या मोकळ्या मासेमारीची. जाळे आपले, चप्पू आपला, आलेला मासा आपला आणि रिकाम्या हाताने परतण्याची रात्रही आपलीच. तिसरी वाट ठेकेदाराकडे मजुरीची. तिसऱ्या वाटेत उचल घेतलेली असते, त्यामुळे भाव वाढला तरी मजुराच्या हाती त्यातले फारसे काही लागत नाही. तिघांत सर्वांत कमजोर स्थिती याचीच.

या मिळकतीला एक साधे माप लावता येते. रोजगार हमी योजनेचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला. रात्रभर पाण्यावर राहणाऱ्या माणसाची वर्षभराची सरासरी याच्या वर जाते का, हा प्रश्न प्रत्येक संस्थेने स्वतःच्या वहीवरून सोडवावा. भरल्या तलावाच्या काही आठवड्यांत ती सहज वर जाते. पण जालना हा अवर्षणप्रवण जिल्हा आहे. पावसाळ्यानंतरचे महिने बरे जातात, उन्हाळ्यात पाणी आटत गेले की उरलेला मासा एकदम निघतो, बाजारात दर पडतो आणि त्यानंतर काम थांबते. २०१२-१३ च्या दुष्काळात तर तलावच कोरडे पडले. अशा वर्षी मच्छीमार कुटुंबालाही ऊसतोड, वीटभट्टी किंवा शहरातल्या हमालीचा रस्ता धरावा लागतो.

विक्रीचा मोठा भार बायकांवर असतो. पहाटे आलेला माल निवडणे, आठवडी बाजारात पाटी घेऊन बसणे, गिऱ्हाइकासमोर मासा साफ करून देणे ही कामे त्याच करतात. वामीची कातडी चिवट आणि चिकट असल्याने ती साफ करायला राख चोळावी लागते. जिवंत वाम पाण्याच्या डब्यात ठेवली तर दिवसभर विकता येते, त्यामुळे बर्फाचा खर्च वाचतो. छोट्या विक्रेतीच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

वाळू आणि वाम : गोदावरीच्या काठी वाळू उपशाला मोठा पैसा आहे. अंबड व घनसावंगी तालुक्यांत अवैध उपशावरच्या कारवायांच्या बातम्या वारंवार येतात. वामीचे घर त्याच वाळूत असते. पात्रातील थर खरवडून खाली चिखल किंवा उघडा खडक उरला की गळ टाकूनही काही लागत नाही. वाळूच्या ट्रॅक्टरवर रात्रीची मजुरी करणारा तरुण आणि त्याच डोहात गळ टाकणारा त्याचा चुलता एकाच गावात भेटू शकतात. एकाची रोजी दुसऱ्याच्या रोजीला मुळासकट खाते. मासेमारीच्या रोजगारावर बोलताना वाळूचा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. विष घालून किंवा स्फोटके फोडून मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे.

शेततळी : ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ मध्ये आली, पण जालना तालुक्यातील कडवंची गावाने त्याआधीच पाणलोटाची कामे, शेततळी आणि द्राक्षबागा यांमुळे नाव मिळवले होते. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस सोडून जोडउत्पन्न घेता येते. त्यांची बोटुकली मिळते, खाद्य ठाऊक आहे, गिऱ्हाईक ठरलेले आहे. वामीचे तसे नाही. रोहू-कटल्याप्रमाणे तिचे बीज मत्स्यबीज केंद्रांतून मिळत नाही, आणि अस्तराच्या गुळगुळीत तळ्यात तिला लपायला वाळू-दगडही नसतात. शेततळे बांधणाऱ्याने आधी रोहू-कटला नीट वाढवून दाखवावा.

हे सांगणे गरजेचे आहे, कारण ‘ईल पालना’तून लाखोंची कमाई अशी स्वप्ने दाखवणे सोपे असते. जगात ईलला, म्हणजे अहेरच्या कुळातील माशांना, मोठा भाव आहे हे खरे. जपानमध्ये भाजलेल्या ईलला उन्हाळ्यात प्रचंड मागणी असते, आणि अमेरिकेच्या मेन राज्यात २०१८ मध्ये काचेसारख्या पारदर्शक पिल्लांना पौंडामागे सरासरी २,३०० डॉलरहून अधिक दर मिळाला. पण तो भाव टंचाईचा आहे. ही पिल्ले अजून समुद्रकाठावरूनच धरावी लागतात. जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत ईलचे संपूर्ण जीवनचक्र घडवले, तरी त्यातून व्यापारी प्रमाणावर स्वस्त बीज मिळू लागलेले नाही. युरोपीय ईलच्या व्यापारावर २००९ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे. आसामात चालणारा कुचिया हा चिखलातला निराळा मासा आहे. जालन्याच्या तळ्याशी यांपैकी कशाचाच थेट संबंध नाही. २०१९ मध्ये उघड झालेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या घोटाळ्यात महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. परतखरेदीची हमी देऊन आगाऊ रक्कम मागणारा कोणताही प्रस्ताव त्या अनुभवावर तपासावा.

नोकरी : ठरलेला पगार हवा असेल त्याने मत्स्यविज्ञानाकडे जावे. मराठवाड्यातील मुलांना जवळचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय उदगीरला आहे. ते महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे असून पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. नागपूर व रत्नागिरीतील शिरगाव येथेही तो शिकता येतो, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था (स्थापना १९६१) आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातील अधिकारी पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक आयुक्तासारख्या गट-अ पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. जागा थोड्या आणि जाहिराती अनियमित असतात. बीज केंद्रे, खाद्य कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे आणि बँकांचे कृषी विभाग येथेही या पदवीला वाव आहे. भोई कुटुंबातली मुले या शिक्षणात पुरेशी आली, तर घरातले कसब आणि कागदावरचे शास्त्र एकाच माणसात भेटेल.

योजना : २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पाच लाखांचे विमा संरक्षण तिच्यातच आहे. किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळते. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज, कर्ज आणि विम्याच्या बाबतीत शेतकऱ्याप्रमाणे सवलती मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. नदीवर एकट्याने मासे धरणाऱ्याने तरी संस्थेचे सभासदत्व घ्यावे. विभागाच्या नोंदीत नाव आले की विम्याचा आणि कर्जाचा अर्ज करणे सोपे जाते.