मानलेली नाती आणि कादंबरी

रक्ताच्या अथवा विवाहाच्या नात्याने नव्हे, तर परस्परांच्या संमतीने व सहवासाने जे कुटुंब उभे राहते, त्याला समाजशास्त्रात ‘निवडलेले कुटुंब’ असे म्हटले जाते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ कॅथ वेस्टन यांचा ‘फॅमिलीज वी चूज’ हा ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि ही कल्पना अभ्यासकांच्या चर्चेत स्थिरावली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील समलिंगी स्त्री-पुरुषांच्या जीवनाचा तो अभ्यास होता. जन्माच्या घराने ज्यांना दूर लोटले, त्यांनी मित्रांमधून आपले आप्त कसे उभे केले, हे वेस्टन यांनी त्यात दाखविले. मात्र अभ्यासकांनी नाव देण्याच्या कितीतरी आधी कादंबरीकारांनी हे कुटुंब ओळखले होते.

मराठीला तर या नात्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. मानलेला भाऊ, मानलेली बहीण, मानसपुत्र, मानसकन्या असे शब्द आपल्या बोलण्यात पूर्वापार आहेत. इंग्रजी संज्ञेत भर ‘निवडण्या’वर आहे, मराठीत तो ‘मानण्या’वर आहे. निवड एका क्षणात होऊ शकते. एखाद्याला आपले मानणे ही मात्र दररोज नव्याने करावयाची गोष्ट आहे आणि त्यात समोरच्यानेही आपल्याला मानावे लागते. या प्रकारच्या चांगल्या कादंबऱ्यांचा खरा विषय हाच असतो. अशा कादंबऱ्यांत आरंभी बहुधा एक मृत्यू किंवा वियोग असतो. त्यानंतर परकी माणसे एका छपराखाली येतात, प्रथम संशयाने वागतात, आणि भांडी, किल्ल्या, जेवणाच्या वेळा अशा क्षुल्लक गोष्टींतून हळूहळू एकमेकांची होतात. हे हळूहळू होणे दाखवायला लांबी लागते. कथेपेक्षा कादंबरीला हा विषय अधिक मानवला, तो त्यामुळेच.

या परंपरेतील एक जुना आणि अजूनही टवटवीत दाखला म्हणजे जॉर्ज एलियट यांची १८६१ सालची ‘सायलस मार्नर’. जिवलग मित्राने विश्वासघात केल्यामुळे धर्मबंधूंच्या समूहातून बाहेर पडलेला हा विणकर रॅव्हलो गावात एकटा राहतो आणि सोन्याच्या नाण्यांवर जीव लावतो. ती नाणी चोरीला जातात. पुढे एका रात्री त्याच्या चुलीपाशी सोनेरी केसांचे एक अनाथ मूल येऊन पोहोचते. एपी नावाच्या त्या मुलीला वाढवताना शेजारीण डॉली विन्थ्रॉप त्याला पदोपदी मदत करते आणि तिच्या निमित्ताने सारे गाव त्याचे होते. सोळा वर्षांनी तिचा जन्मदाता पिता, गावातला धनिक गॉडफ्रे कॅस, हक्क सांगायला येतो तेव्हा एपी त्याच्या घरी जायचे नाकारते. जन्मदात्याचा हक्क मोठा की वाढविणाऱ्याचा, हा प्रश्न एलियट यांनी कोर्टकचेरीत न नेता मुलीच्याच तोंडी सोडविला आहे. पुढल्याच वर्षी, १८६२ साली, व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझराब्ल’मधून जाँ व्हालजाँ आणि कोझेत ही अशीच जोडी जगासमोर आली. १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘गोरा’मध्ये तर या प्रश्नाला राष्ट्राचे परिमाण मिळाले. कट्टर हिंदू म्हणून वाढलेल्या गोराला आपण १८५७च्या धामधुमीत जन्मलेले आयरिश मूल आहोत हे कळते. जात, कूळ, धर्म सारे एका क्षणात गळून पडते. उरते ती आनंदमयी, जिने हे मूल कुशीत घेतले त्याच दिवशी जातीचा विचार सोडलेला असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथानकाला शहर मिळाले. आर्मिस्टेड मॉपिन यांची ‘टेल्स ऑफ द सिटी’ १९७६ पासून ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली आणि १९७८ साली पुस्तकरूपाने आली. २८, बार्बरी लेन या घराची मालकीण ॲना मॅड्रिगल आणि तिचे भाडेकरू यांची ही गोष्ट. हलकीफुलकी वाटणारी ही मालिका १९८४च्या ‘बेबीकेक्स’मध्ये एड्सने झालेल्या मृत्यूपाशी येऊन थांबते. इंग्रजी ललित साहित्याने त्या साथीची दखल घेतल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत तिची गणना होते.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या साऱ्यांत सर्वाधिक महत्त्वाची कादंबरी मात्र मुंबईत जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या रोहिंटन मिस्त्री यांची ‘अ फाइन बॅलन्स’ हीच म्हणावी लागेल. १९९५ साली ती प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी तिला कॅनडाचा गिलर पुरस्कार मिळाला आणि १९९६ साली ती बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. काळ १९७५चा, आणीबाणीचा. शहराचे नाव लेखकाने दिलेले नाही. पण समुद्र, लोकलगाड्या, झोपडपट्ट्या आणि पागडीच्या काळातली भाड्याची घरे पाहून मुंबईकराला ते सांगावे लागत नाही.

दिना दलाल ही पारशी विधवा. लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवशी सायकलवरून बाहेर पडलेला तिचा नवरा अपघातात गेला. भावाच्या ताब्यात पुन्हा जायचे नाही, एवढ्या एका हट्टावर ती वर्षे काढते. डोळे अधू होऊ लागल्यावर ती घरी दोन शिंपी कामाला ठेवते आणि एका विद्यार्थ्याला भाड्याने खोली देते. शिंपी म्हणजे ईश्वर आणि त्याचा पुतण्या ओम. यांचे घराणे चर्मकाराचे. ईश्वरच्या बापाने जातीची चौकट मोडून मुलांना शिवणकाम शिकायला अश्रफ या मुसलमान शिंप्याकडे धाडले होते. फाळणीच्या वेळी दंगलखोर दुकानाशी आले तेव्हा याच मुलांनी दुकान हिंदूंचे असल्याचे सांगून अश्रफच्या कुटुंबाला वाचविले. म्हणजे या कादंबरीत मानलेले कुटुंब एक नाही, दोन आहेत. आणि पहिल्याची आठवण दुसऱ्याच्या पायाशी आहे. चौथा तो डोंगराळ भागातून शिकायला आलेला माणेक.

आरंभी दिनाचे वागणे मालकिणीचेच असते. शिंप्यांचे कप वेगळे, नजर त्यांच्या हातांवर. मिस्त्री यांनी तिला चांगुलपणाचा मुलामा दिलेला नाही, हे त्यांचे मोठे श्रेय. बदल घडतो तो उपदेशाने नव्हे, अडचणीने. झोपडी पाडली गेल्यावर शिंप्यांना व्हरांड्यात झोपू द्यावे लागते. मग स्वयंपाकघर एक होते. मग चौघे एकाच वेळी जेवू लागतात. एका प्रसंगी घरमालकाचा माणूस पोटभाडेकरू शोधायला दारात येतो, तेव्हा दिना बेधडक सांगते की हा माझा नवरा आणि ही दोघे आमची मुले. भाडे नियंत्रण कायद्याच्या धाकाने बोललेले हे खोटे वाचकाला मात्र तोवर खरे वाटू लागलेले असते. शिवणकामातून उरलेल्या चिंध्यांची दिना एक गोधडी शिवते. प्रत्येक तुकड्याला एकेक दिवस चिकटलेला असतो आणि चौघे बसून ते दिवस ओळखतात.

पुढे जे घडते ते वाचणे कठीण आहे. सक्तीच्या नसबंदीच्या मोहिमेत काका-पुतण्या सापडतात. ईश्वर पाय गमावतो, ओमचे संसाराचे स्वप्न संपते. दिनाचे घर जाते आणि तिला भावाच्याच आश्रयाला परतावे लागते. आखातात नोकरीला गेलेला माणेक १९८४ साली परततो. भीक मागणाऱ्या ईश्वर-ओमला रस्त्यात पाहूनही त्याला ओळख देववत नाही, आणि तो आगगाडीखाली जीव देतो. ज्याच्यापाशी शिक्षण होते, पैसा होता, तोच मोडतो. जे सर्वस्व गमावून बसले, ते दोघे मात्र भाऊ-भावजयीच्या नकळत दिनाच्या मागल्या दाराशी येऊन जेवून जातात आणि जेवताना हसतात. ईश्वर ज्या चाकाच्या फळीवर बसतो, तिच्यावर ती गोधडी असते. कुटुंब मोडले असे म्हणावे, तर ताटे अजून मांडली जातात. टिकले म्हणावे, तर चौथा माणूस नाही. अलीकडे ‘दुःखातून सावरण्याच्या’ कथा म्हणून जे पुष्कळ लिखाण बाजारात येते, त्याला असा शेवट पेलणार नाही.

जपानी कादंबरीने या विषयाला वेगळा, अल्पाक्षरी सूर दिला. बनाना योशिमोतो यांच्या १९८८ सालच्या ‘किचन’मध्ये आजीच्या निधनानंतर एकटी पडलेली मिकागे तिच्या ओळखीच्या युइची या तरुणाच्या घरी राहायला येते. त्याची आई एरिको ही जन्माने त्याचा पिता असते. पत्नीच्या मृत्यूनंतर त्याने स्त्री म्हणून जगणे स्वीकारलेले असते. पुढे एरिकोचाही खून होतो. शोकात बुडालेल्या युइचीसाठी मिकागे रात्री टॅक्सी करून गरम जेवण घेऊन जाते, एवढाच या छोट्या कादंबरीचा कळसाध्याय, आणि तो पुरतो. योको ओगावा यांची २००३ सालची प्राध्यापक व घरकामवालीची कादंबरी याहून संयत. अपघातानंतर प्राध्यापकांची स्मृती केवळ ८० मिनिटे टिकते; दररोज सकाळी घरकामवाली त्यांना अनोळखीच असते. तिच्या मुलाच्या चपट्या डोक्याकडे पाहून ते त्याचे नाव वर्गमूळाच्या चिन्हावरून ‘रूट’ असे ठेवतात. ज्याला काल आठवत नाही त्याच्याशी नाते जोडायचे, तर ते रोज सकाळी पहिल्यापासून जोडावे लागते. जपानमधील पुस्तकविक्रेत्यांच्या मतांवर दिला जाणारा ‘होन्या ताइशो’ हा पुरस्कार २००४ साली प्रथमच दिला गेला, तो याच पुस्तकाला.

लोकप्रियतेच्या दृष्टीने पाहता स्वीडिश लेखक फ्रेडरिक बॅकमन यांची २०१२ सालची ‘अ मॅन कॉल्ड ओव्ह’ अलीकडच्या काळात सर्वांत दूरवर गेली. पत्नीच्या मृत्यूनंतर जीव द्यायला निघालेला तिरसट ओव्ह आणि त्याच्या प्रयत्नांत आडवी येणारी, मूळची इराणची शेजारीण परवाने. तिच्यावर २०१५ साली स्वीडनमध्ये आणि २०२२ साली हॉलिवूडमध्ये चित्रपट निघाले. विनोद अव्वल आहे. मात्र गल्लीतला प्रत्येक जण अखेरीस भलाच निघतो, ही सोय लेखकाने जरा जास्तच करून घेतली आहे. या वळणाच्या पुढच्या अनेक कादंबऱ्यांत मांजर, पुस्तकांचे दुकान आणि चहाचा कप यांचीच उलटसुलट मांडणी आढळते.

मराठी कादंबरीने हा विषय आपल्या वाटेने हाताळला, आणि सावरण्यापेक्षा गमावण्याच्या बाजूला तिचा कल राहिला. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) नाझी जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि भारतात परतणारा चक्रधर एका बोटीवर भेटतात. बोट हेच त्या देशोधडीला लागलेल्या प्रवाशांचे तात्पुरते घर, पण ते मुंबईच्या धक्क्यापाशी संपते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पुण्याच्या वसतिगृहातील मित्रांचा गोतावळा मोठा आहे, तरी धाकट्या मनीच्या मृत्यूचे दुःख पांडुरंगाला एकट्यानेच वाहावे लागते. अरुण साधूंच्या ‘झिपऱ्या’तील बूटपॉलिश करणाऱ्या पोरांची टोळी हे मुंबईच्या रेल्वे फलाटावर वसलेले कुटुंबच. त्यावर २०१८ साली चित्रपटही निघाला.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या यादीत सहसा घेतली जात नाही. ती ग्रामीण कादंबरी म्हणून वेगळ्या फडताळात ठेवली जाते. वास्तविक माणदेशातल्या धनगरवाडीवर नेमणूक झालेला कोवळ्या वयाचा मास्तर आणि त्याला प्रथम जोखणारा, मग जपणारा म्हातारा कारभारी यांचे नाते पाहिले, तर हीसुद्धा मानलेल्या आप्तांचीच कथा ठरते. मास्तराला इथे कोणी नात्याचे नाही, जातीचे नाही. शाळा भरू लागते, वाडीच्या मेहनतीने तालीम उभी राहते, आणि तो वाडीचा होतो. मग कारभारी जातो, पाऊस पाठ फिरवतो, आणि मेंढरे घेऊन माणसे वाट फुटेल तिकडे निघतात.

अरुंधती रॉय यांच्या २०१७ सालच्या ‘द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस’मध्ये दिल्लीच्या कबरस्तानात अंजुम ही हिजडा स्त्री ‘जन्नत गेस्ट हाऊस’ उभारते आणि टाकून दिलेली माणसे, जनावरे व एक तान्हे मूल तिथे गोळा होते. कादंबरी पसरट आहे. पण हे घर लक्षात राहते. कायद्याने या वास्तवाकडे पाहिले ते आणखी पुढे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परिचारिकेच्या प्रसूती रजेच्या प्रकरणात निकाल देताना, कुटुंब म्हणजे केवळ आई, वडील आणि मुले नव्हे. अविवाहित सहजीवन वा समलिंगी नातेसंबंध या रूपातही ते असू शकते, असे निरीक्षण नोंदविले. वारसा, रुग्णालयातील संमती, अंत्यसंस्काराचा अधिकार या बाबतीत मात्र मानलेल्या आप्ताला आपल्याकडे अद्याप फारसे स्थान नाही.

या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाने ‘किचन’ किंवा ‘बनगरवाडी’पासून आरंभ करावा, दोन्ही पुस्तके एका सुट्टीच्या दिवसात वाचून होतात. ‘अ फाइन बॅलन्स’साठी मात्र सलग काही आठवडे राखून ठेवावे लागतील आणि शेवटची शंभर पाने रात्री उशिरा न वाचलेली बरी.