एक तृतीयांश खुर्चीची कुळकथा

महाराष्ट्रात नवे सरकार आले की मंत्रिमंडळाच्या विस्तारापाठोपाठ चर्चा सुरू होते ती महामंडळांची. कोणत्या पक्षाच्या वाट्याला किती अध्यक्षपदे, नाराज आमदाराची सोय कुठे लावायची, मंत्रिपदाचा दर्जा कोणाला आणि राज्यमंत्रिपदाचा कोणाला. या नेमणुकांचे मूळ विचारले तर दोन उत्तरे ठरलेली असतात. पहिले असे की स्वातंत्र्यानंतर सत्तेला चटावलेल्या पक्षांनी लावून घेतलेली ही सवय आहे. दुसरे असे की निवडणूक जिंकणाऱ्याने सरकारी पदे आपल्या माणसांत वाटण्याची जी पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बोकाळली होती, तिची ही देशी आवृत्ती आहे. दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. संचालक मंडळावरची सरकारी खुर्ची आपल्याकडे दोनशे वर्षांहून जुनी आहे. ती जन्मली पहाऱ्यासाठी, आणि तिचा माग काढण्याची खूण एका अपूर्णांकात दडलेली आहे. तो अपूर्णांक म्हणजे एक तृतीयांश.

सुरुवात कलकत्त्यात होते. १८०६ मध्ये तिथे बँक ऑफ कलकत्ता निघाली आणि १८०९ मध्ये सनद मिळून ती बँक ऑफ बेंगॉल झाली. भांडवल पन्नास लाख रुपयांचे. त्यातले दहा लाख, म्हणजे पाचवा हिस्सा, कंपनी सरकारचे. बाकीचे खासगी भागधारकांचे. संचालक नऊ, आणि त्यांतले तीन सरकारने नेमायचे. हे गणित जरा थांबून पाहण्यासारखे आहे. पैसा पाचवा हिस्सा, पण खुर्च्या मात्र तिसरा हिस्सा. सरकार केवळ भागधारक म्हणून बसले असते तर नऊपैकी दोन जागा त्याला पुरत्या. तिसरी जागा आली ती सरकारचा दुसराही जीव त्या बँकेत गुंतला होता म्हणून: बँकेच्या नोटा सरकारी खजिन्यात चालत होत्या. तरीही सरकारने पाच जागा मागितल्या नाहीत. नऊपैकी तीन मते असणारा माणूस कोणताही ठराव स्वतःच्या बळावर मंजूर करू शकत नाही आणि रोखूही शकत नाही. त्याला फक्त सगळे दिसते, सगळे विचारता येते आणि बाहेर जाऊन मालकाला सांगता येते. खुर्ची निर्णयाची नव्हती, साक्षीची होती. मुंबईत १८४० मध्ये बँक ऑफ बॉम्बे उघडली तेव्हा हाच साचा इकडे आला: सरकारचे थोडे भांडवल आणि त्या बदल्यात काही संचालक नेमण्याचा हक्क.

एवढ्यावर कोणी म्हणेल की ही एका बँकेची गोष्ट झाली. पण पुढचा मुक्काम पाहा. १८५३ च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची संख्या चोवीसवरून अठरावर आणली आणि त्यांतले सहा राजसत्तेने नेमायचे असे ठरवले. अठरापैकी सहा, पुन्हा तिसरा हिस्सा. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात, गव्हर्नर, दोन उपगव्हर्नर आणि एक सरकारी अधिकारी वगळता, मंडळावर बारा संचालक होते: आठ भागधारकांनी निवडलेले आणि चार सरकारने नेमलेले. पुन्हा तोच हिस्सा. स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्थांत सरकारने भागभांडवल घालायचे धोरण आले, तेव्हा अनेक राज्यांच्या सहकार कायद्यांत जवळजवळ एकाच शब्दांची तरतूद झाली: सरकारचे प्रतिनिधी तीन किंवा एकूण संचालकांच्या एक तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल तितकेच. १८०९ च्या कलकत्त्यातले ‘तीन’ आणि ‘तिसरा हिस्सा’ हे दोन्ही आकडे दीडशे वर्षांनी एकाच वाक्यात शेजारी येऊन बसले.

हा योगायोग असेल, एक तृतीयांश हा कोणालाही सहज सुचणारा आकडा आहे, असा आक्षेप येतो. तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पण ज्या काळात हे कायदे झाले त्याच काळात दुसरा एक साचाही तयार होता, आणि तो कलकत्त्यानंतरच्या तिन्ही ठिकाणी नाकारला गेला. तो रेल्वेचा. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी झालेल्या करारात कंपनी सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली आणि मोबदल्यात लंडनमधल्या संचालक मंडळावर स्वतःचा एक पदसिद्ध संचालक बसवला. एकच माणूस, पण त्याच्या हातात नकाराधिकार. हमी घेतलेल्या इतर रेल्वे कंपन्यांवरही हीच व्यवस्था लागू झाली. १८५८ नंतर सर जेम्स मेलव्हिल आणि पुढे सर जुलंड डॅनव्हर्स यांनी हे सरकारी संचालकपद सांभाळले, एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या मंडळांवर. १८५३ च्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सनदी कायदा झाला. म्हणजे नकाराधिकारवाला एकांडा संचालक आणि मताधिकारवाला तिसरा हिस्सा हे दोन्ही नमुने कायदा करणाऱ्यांच्या एकाच वेळी डोळ्यांसमोर होते. त्यांनी दुसरा निवडला. आकडा निव्वळ सोयीचा असता तर कुठेतरी चौथा हिस्सा, कुठेतरी निम्मा दिसला असता. तिसरा टिकला, कारण तो एका विचाराला नेमका बसत होता: सरकारचे डोळे आत असावेत, पण हात चालकांचेच असावेत. कलकत्त्याची सनद, सनदी कायदा, रिझर्व्ह बँक आणि सहकार कायदा ही एकाच सरकारी दप्तरी परंपरेची लेकरे आहेत, असे मी म्हणतो ते याच बळावर. जुना कायदा समोर ठेवून नवा लिहायचा, ही त्या दप्तराची रीतच होती.

या वंशाला आणखी एक खूण आहे आणि माझ्या मते ती आकड्याहून मोलाची. १८५३ च्या कायद्याने राजसत्तेच्या सहा संचालकांना अट घातली की त्यांनी हिंदुस्थानात किमान दहा वर्षे नोकरी केलेली असावी. १८५८ मध्ये कंपनी जाऊन पंधरा जणांची इंडिया कौन्सिल आली, तेव्हाही निम्म्याहून अधिक सभासदांना दहा वर्षांच्या हिंदुस्थानी अनुभवाची अट होती. परकी, स्वार्थी राज्यव्यवस्था होती ती. तरी जो माणूस साक्षीला बसवायचा त्याला काय ठाऊक असले पाहिजे, हे तिने कायद्यात लिहून ठेवले.

यावर सर्वांत जड आक्षेप मुंबईच्याच इतिहासातून येतो. पहारा इतका चोख होता तर बँक ऑफ बॉम्बे बुडाली कशी? अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढला, मुंबईत शेअर्सचे वेड लागले, १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले, हे सर्वांना ठाऊक आहे. बँकेने शेअर्सच्या तारणावर वाटलेली कर्जे बुडीत गेली आणि १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी उभारावी लागली. सरकारी संचालक तेव्हा मंडळावर होतेच. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या चौकशी आयोगापुढे जे आले त्यात १८६३ च्या कायद्याने सैल केलेली बंधने होती, शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचे वजन होते आणि संचालकांची बेपर्वाईही होती. म्हणजे साक्षीदार झोपला होता. पण या प्रसंगातून सरकारने काढलेला निष्कर्ष पाहा. १८७६ च्या प्रेसिडेन्सी बँक कायद्याने सरकारने तिन्ही इलाख्यांच्या बँकांतले आपले भांडवल काढून घेतले आणि त्याबरोबर संचालक नेमण्याचा हक्कही सोडला. पैसा गेला, खुर्ची गेली. सरकारी संचालकाची खुर्ची ही सरकारच्या जोखमीची सावली आहे, जोखीम नसताना तिला उभे राहण्याचे कारण नाही, हे तत्त्व अपयशातूनच सर्वांत स्वच्छपणे पुढे आले.

मग साक्षीची खुर्ची बक्षिसाची झाली केव्हा? माझे उत्तर असे की सरकारने तिसरा हिस्सा ओलांडून सगळीच मालकी घेतली तेव्हा. पुणे-नगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली आणि १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा आला. त्यात अध्यक्ष आणि सभासद राज्य सरकारने नेमायचे. केंद्राच्या प्रतिनिधीची तरतूद होती, तेवढाच काय तो जुन्या साक्षीदाराचा अवशेष. पात्रतेचे कलम वाचले तर फरक ढळढळीत दिसतो. सभासद कोण होऊ शकत नाही हे त्यात आहे: वेडसर, दिवाळखोर, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला, महामंडळाच्या कंत्राटात हितसंबंध असलेला. कोण असावा, याबद्दल काही नाही. १८५३ ची दहा वर्षांची अट जाऊन तिथे नकारांची यादी आली. कंपनी कायद्याखाली निघालेल्या महामंडळांत तर आणखी नवलाचा प्रकार आहे. तिथे जवळजवळ सगळे भाग राज्यपालांच्या नावे असतात आणि कायद्याला भागधारकांची किमान संख्या लागते म्हणून उरलेला एकेक भाग सचिव-उपसचिवांच्या नावे, तोही राज्यपालांच्या वतीने. वार्षिक सभेत मालकाच्या वतीने बसणारे आणि मालकाच्या वतीने उत्तर देणारे एकाच घरचे. ज्याच्यावर नजर ठेवायची असा परका त्या टेबलावर उरलाच नाही. साक्षीदाराचे काम संपले, खुर्ची मात्र राहिली, आणि रिकाम्या खुर्चीला राजकारणाने आपले काम दिले.

प्रतिस्पर्धी मत असे की सार्वजनिक महामंडळ ही कल्पना आपण इंग्लंडच्या मजूर पक्षाकडून, मुख्यतः हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडून घेतली, तेव्हा नेमणुकीचे मूळही तिथेच शोधावे. महामंडळाच्या देहापुरते हे खरे आहे. पण १९३३ मध्ये लंडनच्या वाहतुकीसाठी मंडळ उभे राहिले तेव्हा मॉरिसन यांच्या मूळ आराखड्यातला मंत्र्याचा नेमणुकीचा अधिकार काढून तो वेगळ्या विश्वस्तांकडे दिला गेला. त्यांत लंडन कौंटी कौन्सिलचे अध्यक्ष, वकिलांच्या संस्थेचे अध्यक्ष, हिशेबनिसांच्या संस्थेचे अध्यक्ष असे लोक होते. तिथेही ही व्यवस्था फार टिकली नाही, १९४७ मध्ये अधिकार मंत्र्याकडे परतला. पण नेमणारा आणि चालवणारा यांच्यात अंतर हवे, हा वाद तिथे उघडपणे लढला गेला. आपण देह घेतला, वाद घेतला नाही.

वाद आपल्याकडे आला तो घोटाळ्याच्या रूपाने, आणि तोही मुंबईतच. नव्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ मध्ये हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५८ मध्ये जाहीर चौकशी केली, अर्थमंत्री कृष्णम्माचारींना पद सोडावे लागले. राजीनामा सर्वांना आठवतो, पण अहवालातल्या शिफारशी अधिक मोलाच्या आहेत. सरकारने स्वायत्त महामंडळाच्या कारभारात ढवळाढवळ करू नये, आणि अध्यक्ष धंद्याचा व अर्थव्यवहाराचा अनुभव असलेला, शेअर बाजाराची रीत जाणणारा असावा. म्हणजे १९५० च्या कायद्याने गाळलेली होकारार्थी अट छागलांनी पुन्हा लिहून दाखवली. केंद्राने १९७४ मध्ये आपल्या उपक्रमांसाठी निवड मंडळ स्थापून त्या दिशेने एक पाऊल टाकले. पण ते पूर्णवेळ संचालकांपुरते. राज्यांच्या महामंडळांतली अध्यक्षपदे आणि अशासकीय सभासदपदे त्या वाऱ्यालाही उभी राहिली नाहीत.

अमेरिकेचे साम्य इथे तपासून पाहावे. तिथे वाटल्या गेल्या त्या टपालमास्तरांच्या आणि कारकुनांच्या नोकऱ्या, आणि १८८३ च्या कायद्याने त्यांना परीक्षेची वेसण घातली. आपल्याकडे नोकऱ्यांना लोकसेवा आयोग आधीपासून होता. वाटप झाले ते त्याच्या कक्षेबाहेर उरलेल्या खुर्च्यांचे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली, म्हणजे महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे त्रेचाळीस. ज्यांची मंत्रिपदे हुकली त्यांची रांग साहजिकच महामंडळांपाशी लागली. याच दुरुस्तीने पक्षांतरामुळे अपात्र ठरलेल्यांना ‘मोबदल्याचे राजकीय पद’ घेण्यास बंदी केली आणि व्याख्येत सरकारी मालकीच्या संस्थांमधली पगारी पदे घातली. पहारा म्हणून जन्मलेल्या खुर्चीला संविधानाने राजकीय मोबदला म्हणून ओळखले, ही या कुळकथेतली मला सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद आहे.

शेवटचा आक्षेप लोकशाहीच्या बाजूने येतो आणि तो आदराने घ्यायला हवा. तज्ज्ञांचा आग्रह धरला तर महामंडळे सनदी अधिकाऱ्यांच्या हाती जातील. महात्मा फुले किंवा अण्णाभाऊ साठे यांच्या नावाच्या महामंडळावर त्या समाजाचा, लोकांत वावरणारा माणूसच हवा. अगदी खरे आहे. पण समाजाची हलाखी जवळून ठाऊक असणे ही पात्रताच आहे. मग ती कायद्यात लिहा, आणि एसटीच्या मंडळासाठी वाहतुकीचे व हिशेबाचे ज्ञान लिहा. निवडून आलेल्या सरकारने नेमावे, मात्र कशासाठी नेमले ते सांगून नेमावे. त्याच्या जोडीला मंडळाचा तिसरा हिस्सा सरकारबाहेरच्यांना द्यावा: प्रवाशांना, कर्जदारांना, कामगारांना. पूर्वी मालक दुसरे होते म्हणून सरकारचे साक्षीदार आत बसले. आता मालक सरकार आहे, तेव्हा साक्षीदार जनतेचे बसले पाहिजेत. आकडा तोच राहू द्या, बाजू बदला.