पार

पार : सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यातील, प्रतापगडाच्या पायथ्याजवळचे कोयनेच्या खोऱ्यातील खेडे. महाबळेश्वर–पोलादपूर रस्त्यावरील कुंभरोशीहून येथे जाता येते.

आज आडबाजूला पडलेले हे गाव एके काळी हमरस्त्यावर होते. वाईकडून आलेली वाट महाबळेश्वरचा डोंगर चढून रडतोंडीच्या घाटाने कोयनेच्या खोऱ्यात उतरे, पारवरून पुढची धार ओलांडी आणि पारघाटाने कोकणात जाई. लमाणांच्या बैलांपासून तोफांपर्यंत सगळी वाहतूक याच वाटेने चाले. जागोजागी जकातीची नाकी होती.

शिवाजी महाराजांनी 1656 मध्ये मोऱ्यांकडून जावळीचे हे खोरे घेतले. नोव्हेंबर 1659 मध्ये त्यांच्यावर चालून आलेल्या अफझलखानाचा तळ पारला पडला. 10 नोव्हेंबरला गडाखालच्या भेटीत खानाचा वध झाला, तोफेचा इशारा झाला आणि जंगलात दबा धरलेल्या मावळ्यांनी त्याच्या छावणीवर झडप घातली. भेटीची कथा सर्वांना पाठ असते. फौजेचा मोड पारच्या रानात झाला, हे सहसा निसटते.

गावाजवळ कोयनेवर घडीव दगडांचा कमानी पूल आहे. परंपरेने तो शिवकालीन मानतात आणि हे पटण्याजोगे आहे. जावळीचे दुर्गम रान हेच मोऱ्यांचे बळ असल्याने वाट अवघड राहणे त्यांच्या पथ्यावर पडणारे होते. महाराजांना मात्र गड, घाट आणि कोकण एकत्र राखायचे होते. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात कोयनेला उतार मिळणे पावसाळ्यात दुरापास्तच. येणारा लोंढा फुटावा म्हणून खांब प्रवाहाच्या बाजूला निमुळते ठेवले आहेत. खानाची फौज याच पुलावरून गेली, असे सांगणाऱ्यांनी मात्र जरा सबुरीने घ्यावे; जावळी हाती आल्यापासून तोवर जेमतेम तीनेक वर्षे झाली होती आणि त्यांतली बरीच प्रतापगड बांधण्यात गेली.

गावात रामवरदायिनीचे देऊळ असून समर्थ रामदासांशी त्याचा संबंध परंपरेने जोडला जातो.

कुंभार्ली घाटाचा रस्ता 1864 मध्ये व फिट्झेराल्ड (आंबेनळी) घाटाचा 1876 मध्ये झाला आणि पारघाटाची रहदारी आटली. गावकऱ्यांची ये-जा मात्र पुलावरून अजून चालते. प्रतापगडला जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर, पाणी ओसरल्यावर, नदीपात्रात उतरून त्याचे खांब जरूर पाहावेत.