फ्लॅमेंको गिटारच्या तारा

दुसऱ्या महायुद्धापर्यंत फ्लॅमेंको गिटारच्या तीन बारीक तारा आतड्याच्या असत. खर्जाच्या तारांत रेशमाच्या गाभ्याभोवती धातूची तार गुंडाळलेली असे. आतडं दमट हवेत सुरावरून ढळे, नखांनी झिजे. युद्धात ते जखमा शिवण्याकडे वळलं, तारांचा तुटवडा पडला. पुढे न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियांच्या प्रोत्साहनाने नायलॉनच्या तारा घडवल्या.

गायकाची पट्टी बदलली तरी खुंट्या पिळल्या जात नाहीत; दांडीवर ‘सेहिया’ नावाचा चाप आवळला की सगळ्याच तारा आखूड होऊन स्वर चढतो. काही रचनांसाठी मात्र तारांची जुळणीच बदलतात; त्यांत सर्वांत धाडसी जुळणी गिटारवादक रामोन मोंतोया यांच्या ‘रोंदेन्या’ची. तिच्यात सहावी तार पूर्ण स्वर खाली, तिसरी अर्धा स्वर खाली. सैलावलेला खर्ज त्यामुळे विलक्षण घुमतो. ही रचना मोंतोयांनी १९३६ साली पॅरिसमध्ये ध्वनिमुद्रित केली.