नवाथे, रघुनाथ गणेश

(सतरावे शतक, उत्तरार्ध). महाराष्ट्रीय पंडित आणि ‘भोजनकुतूहल’ या आहारविषयक संस्कृत ग्रंथाचे कर्ते. ग्रंथांतून त्यांचा उल्लेख ‘रघुनाथ नवहस्त’ किंवा ‘रघुनाथसूरी’ असाही आढळतो.

चरित्र : रघुनाथांच्या जन्म-मृत्यूची साले उपलब्ध नाहीत. जी माहिती हाती आहे ती मुख्यतः परशुराम कृष्ण गोडे यांच्या संशोधनातून आलेली आहे. त्यांच्या मते सातारा जिल्ह्यातील चाफळ आणि तेथील रामदासी परिवार यांच्याशी रघुनाथांचा निकटचा संबंध होता. पुढे ते दक्षिणेत तंजावरला गेले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी 1676 च्या सुमारास तेथे मराठी राज्याची स्थापना केली होती. व्यंकोजींची राणी दीपाबाई हिचा आश्रय रघुनाथांना मिळाला. तिच्यासाठी त्यांनी ‘नरकवर्णन’ हे प्रकरण मराठीत लिहिले. धर्मशास्त्रावरही त्यांनी संस्कृतात लेखन केले. तरीही त्यांचे नाव टिकले ते ‘भोजनकुतूहला’मुळे. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ 1675 ते 1700 च्या दरम्यान ठरवला आहे.

भोजनकुतूहल : हा ग्रंथ आयुर्वेद आणि धर्मशास्त्र या दोन्ही दृष्टींनी अन्नाचा विचार करतो. पहिल्या परिच्छेदात खाद्यपदार्थांचे गुणदोष सांगितले आहेत. भाताचे प्रकार, कडधान्ये, शिजवलेले अन्न, भाज्या, फळे, दूध, दही, ताक, तूप असा त्याचा विस्तार आहे. पदार्थ चवीला कसा, पचायला जड की हलका, त्याने वात, पित्त व कफ वाढतात की शमतात, या क्रमाने विवेचन चालते. जुन्या वैद्यक ग्रंथांतील वचने रघुनाथ मुक्तपणे उद्धृत करतात. त्यामुळे हा ग्रंथ स्वतंत्र रचना आहे तितकाच संग्रहही आहे. संस्कृत विवेचनात जागोजाग बोलीभाषेतील नावे येतात. त्या काळच्या मराठी स्वयंपाकघरात काय शिजत होते, याचा मागोवा घेणाऱ्यांना ही नावे फार मोलाची वाटतात.

जिलेबीची कृती : ग्रंथात ‘कुंडलिका’ या नावाने जिलेबी येते. संस्कृत परंपरेत तिची कृती अशी सांगितली जाते : नव्या मडक्याला आतून आंबट दही फासावे. दोन प्रस्थ गव्हाचे बारीक पीठ, एक प्रस्थ आंबट दही आणि अर्धा शराव तूप एकत्र घोळून त्यात घालावे. पीठ आंबेपर्यंत मडके उन्हात ठेवावे. मग भोकाच्या भांड्यातून फिरवत फिरवत तापलेल्या तुपात वेटोळी सोडावीत आणि तळून झाल्यावर साखरेच्या पाकात टाकावीत. शराव म्हणजे अर्धा प्रस्थ. त्या हिशेबाने पिठाच्या निम्मे दही आणि अष्टमांश तूप पडते. पीठ आंबवणे, वेटोळी सोडणे आणि पाकात बुडवणे हे तिन्ही टप्पे आजच्या हलवायाच्या कामातही तसेच आहेत. गोडे यांनी 1943 मध्ये जिलेबीच्या इतिहासावर निबंध लिहिला.

तुलना : फ्रान्समध्ये ला वारेन याचा पाककलेवरील प्रसिद्ध ग्रंथ 1651 मध्ये निघाला, म्हणजे दोघांचे शतक एकच. ला वारेन हा सरदाराच्या मुदपाकखान्यातला आचारी होता आणि त्याने आचाऱ्यांसाठी लिहिले. रघुनाथ शास्त्री होते. त्यांना जेवणाऱ्याची काळजी आहे. पाकसिद्धीपेक्षा पथ्य, प्रकृती आणि आचार यांना त्यांच्या लेखनात वरचे स्थान आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाचे भोजन वर्णिले आहे. ‘भोजनकुतूहला’त मात्र राजवैभवाऐवजी अन्नद्रव्यांची पद्धतशीर नोंद आहे.

प्रभाव व मूल्यमापन : ग्रंथ बराच काळ हस्तलिखितांतच राहिला. पहिला परिच्छेद 1956 मध्ये त्रिवेंद्रमच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचे सुपुत्र असलेले गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे दीर्घकाळ क्यूरेटर होते. त्यांनी ज्वारी, हरभरा यांसारख्या रोजच्या धान्यांचाही इतिहास लिहिला आणि अशा अभ्यासाला हा ग्रंथ किती उपयोगी आहे हे दाखवून दिले. मराठीत छापील पाकशास्त्र पुढे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ (1875) आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ (1910) यांतून रुजले. त्यांचा वाचक घर चालवणारा होता, तर रघुनाथांचा वाचक संस्कृत जाणणारा. तरीही रोजचे जेवण हा पंडिताने लेखणी उचलावी असा विषय आहे, ही रघुनाथांची धारणा मराठी संस्कृतीला अभिमान वाटावा अशीच आहे. महाराष्ट्राच्या आहाराचा इतिहास लिहायचा तर सतराव्या शतकासाठी त्यांच्या ग्रंथाची साक्ष काढावीच लागते.