नवजात अपस्मारावरील नवी औषधद्रव्ये

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत अर्भकास येणाऱ्या आचक्यांवर, त्याच्या अपरिपक्व मेंदूची घडण ध्यानी घेऊन, स्वतंत्र औषधे सिद्ध करण्याचा संशोधनविषय. दर हजार जन्मांमागे एक ते पाच अर्भकांस हे आचके येतात. प्रसूतिसमयी मेंदूस प्राणवायू व रक्त अपुरे मिळणे हे त्यांचे प्रमुख कारण होय. पुष्कळदा हातपाय स्तब्ध असता केवळ मेंदूच्या विद्युत्-आलेखावरच आचका उमटत असल्यामुळे, औषध लागू पडले की बाळ नुसते निपचित झाले, याचा निवाडा नजरेने करता येत नाही.

१९१२ पासून अपस्मारावर चालत आलेले फेनोबार्बिटल हेच आजही पहिले औषध आहे. १९९९ च्या तुलनात्मक चाचणीत मात्र ते व फेनिटॉइन यांपैकी कोणतेही एकटे निम्म्या अर्भकांचेही आचके आवरू शकले नाही. प्रौढ मेंदूत गाबा हे रसायन पेशीत क्लोराइड शिरू देऊन तिला शांत करते. परंतु नवजाताच्या चेतापेशीत क्लोराइड आत ओढणारा एनकेसीसी-१ हा वाहक प्रबळ आणि बाहेर काढणारा केसीसी-२ दुबळा असल्याने, गाबाने द्वार उघडताच आत साठलेले क्लोराइड उलट बाहेर पडते, व पेशी शांत होण्याऐवजी चेतते. फेनोबार्बिटल गाबाचाच प्रभाव वाढविते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याच्या मर्यादेचे बरेचसे कोडे उलगडते.

एनकेसीसी-१ रोखणारे ब्युमेटॅनाइड हे जुने मूत्रल औषध २००५ च्या सुमारास उंदरांच्या पिलांत आशादायक ठरले. युरोपातील चाचणी मात्र १४ अर्भकांनंतरच थांबवावी लागली (२०१५): वाचलेल्या ११ पैकी तिघांची श्रवणशक्ती बाधित झाली होती, अर्थात जेंटामायसिनसारखी कानास घातक प्रतिजैविकेही त्याच वेळी दिली जात असल्यामुळे सारा दोष एकट्या ब्युमेटॅनाइडच्या माथी मारणे घाईचे होईल. बोस्टन येथील ४३ अर्भकांच्या चाचणीत (२०२१) आचक्यांचा भार घटलेला दिसला. खरी अडचण अशी, की हे द्रव्य रक्तातून मेंदूत अत्यल्प पोहोचते. म्हणून मेंदूत सुलभतेने शिरून तेथे ब्युमेटॅनाइडमध्ये रूपांतरित होणारी स्निग्धस्नेही पूर्वौषधे रचण्यात आली. केसीसी-२ ला बळ देणारे रेणूही प्राण्यांवर अजमावले गेले आहेत. लेव्हेटिरॅसिटॅम या आणखी एका अपस्मारविरोधी औषधावरील भिस्त २०२० च्या चाचणीने सैल केली: २४ तास आचकामुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण फेनोबार्बिटलवर ८० टक्के, तर लेव्हेटिरॅसिटॅमवर केवळ २८ टक्के.

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नवजातांच्या आचक्यांसाठी प्रथमच ज्या औषधास मंजुरी दिली, तेही फेनोबार्बिटलच. मुंबईच्या सन फार्मा अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च कंपनीने विकसित केलेल्या या भुकटीरूप इंजेक्शनात, अपरिपक्व यकृतास न पेलवणारे बेंझिल अल्कोहोल व प्रॉपिलीन ग्लायकॉल हे घटक वगळलेले आहेत.